सोसायटीची मॅनेजरकी सोडून कोकणातच दुसरं काम कसं धरावं

रत्नागिरी, दापोली, अलिबाग, मालवण. या गावांत गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींत बरेच फ्लॅट वर्षाचे आठ-दहा महिने बंद असतात. मालक मुंबई-पुण्यात, कमिटीतले निम्मे लोकही तिकडेच, आणि इथे एकटा मॅनेजर. खाऱ्या हवेने ग्रिल गंजतात, पंपाचा स्टार्टर वर्षाआड जातो, पावसात टेरेस गळते. गणपतीला चाकरमानी येतात, बंद फ्लॅटचा नळ उघडतात आणि खालच्या घराचं सीलिंग ठिबकायला लागतं. फोन मात्र सगळ्यांचे एकाच नंबरवर. हे काम करून जे पार थकले आहेत, पण गाव सोडायचं नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

पहिली पायरी: नेमकं काय जाळतंय ते कागदावर आणा

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं. लक्षणं तीन: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही ओळखीची वाटत असली, तरी लगेच राजीनामा लिहू नका. आधी दोन आठवडे एक वही ठेवा. चार रकाने आखा: वेळ, कोणाचा फोन, काय काम, आणि चौथा सगळ्यात महत्त्वाचा: यावर मला स्वतःला निर्णय घेता येत होता का?

नोंदी साधारण अशा असतील. "रात्री 11.40. बी विंग. वरची टाकी ओसंडतेय. फ्लोट व्हॉल्व्ह बदलायला हवा, कोटेशन कमिटीकडे पडून आहे. निर्णय: नाही." "सकाळी 7. पार्किंगवरून दोन सभासदांचं भांडण. निर्णय: नाही." "दुपारी 3. लिफ्टच्या एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) बिल तपासलं, जास्त लावलेले पैसे कापले. निर्णय: हो."

चौथ्या रकान्यात "नाही"ची रांग लागली असेल, तर तुम्हाला इमारतीने थकवलेलं नाही. जबाबदारी आपली आणि अधिकार दुसऱ्याचा, या मांडणीने थकवलंय. माझ्या मते सोसायटीच्या कामात माणसं बहुतेक यानेच संपतात, आणि पुढचं काम निवडताना हीच मांडणी पुन्हा गळ्यात पडणार नाही ना, एवढं बघायचं. "हो"च्या नोंदी वेगळ्या काढून ठेवा. नवीन काम त्यांतूनच निघतं.

झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल, फोन वाजला की हात थरथरत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

दुसरी पायरी: पैशाचा हिशेब

निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. कोकणात हंगाम चुकला तर पुढची कमाई थेट वर्षाने येते, म्हणून तीन महिन्यांच्या भरवशावर उडी मारू नये.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, बऱ्याच जणांच्या ध्यानातच नसते. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षं झाली असतील, तर ती तुमचा हक्क आहे. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. 18,000 रुपये आणि सात वर्षं धरली तर साधारण 72,700 रुपये होतात. तुम्ही सोसायटीच्या पगारावर आहात की फॅसिलिटी एजन्सीच्या, हे नेमणूकपत्रात बघा. व्हाउचरवर पगार घेणाऱ्यांची हा हक्क सिद्ध करतानाच बहुतेक वेळा दमछाक होते. म्हणून बँकेचे उतारे, हजेरी, जुनी पत्रं आधीच जमवा.

पीएफ शक्यतो काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर कर लागतो. आणि नोकरीबरोबर ग्रुप मेडिक्लेम संपतो, तेव्हा घरच्यांचा स्वतंत्र विमा राजीनाम्याआधी काढून घ्या.

तिसरी पायरी: काम निवडणं

इथे सगळे एकच सल्ला देतील: "होमस्टे काढ की!" गावात घर आहे, समुद्र जवळ आहे, चांगलं चालेल. चालेलही. पण त्या वहीकडे पुन्हा बघा. रात्री अकराला गरम पाणी येत नाही म्हणून पाहुणा उठवणार, मे महिन्यात टँकर मागवायचा, वीज गेली की इन्व्हर्टरला शिव्या खायच्या. सोसायटीचंच काम, फक्त सदरा बदललेला. फरक इतकाच की इथे निर्णय तुमचा असतो. माणसांची वर्दळ तुम्हाला आवडत असेल आणि फक्त कमिटी नको असेल, तर जरूर करा. पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करून करा. रात्रीचे फोनच नको असतील, तर या वाटेला जाऊ नका.

हिशेबात डोकं चालत असेल तर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) परीक्षा आहे. पदवीधराला देता येते, साधारणपणे मे महिन्यात होते. तिच्याच जोडीने गृहनिर्माण व्यवस्थापनाची सी.एच.एम. परीक्षाही होते. सभासदांची खाती, थकबाकीवरचं व्याज, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी), सभेचं इतिवृत्त हे सगळं तुम्ही रोज हाताळलेलं. पुस्तकात तेच कलमांसकट येतं. पुढे अनुभवाची अट पूर्ण करून ऑडिटरच्या पॅनेलवर जाता येतं, आणि तोवर चार-पाच सोसायट्यांची खाती घरी बसून लिहिता येतात. तुंबलेलं गटार खातेवहीतून घरात येत नाही, हा मोठा फायदा.

पंप, वायरिंग, ठेकेदार यांत रमत असाल तर सौर पॅनेलचं काम बघा. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराला तीन किलोवॅटसाठी जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळतं, सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000. छताची पाहणी, महावितरणचा अर्ज, कमिटीला ठराव समजावून सांगणं हे जमणारा माणूस पॅनेल बसवणाऱ्या कंपन्यांना हवाच असतो. पावसाळ्यात मात्र हे काम मंदावतं.

लोटे-परशुराम, मिरजोळे, कुडाळ इथल्या एमआयडीसीत स्टोअर्स, खरेदी, प्रशासन अशा जागा निघत असतात. पगार सुरुवातीला कमी वाटेल, पण शिफ्ट संपली की संपली. अर्जात "सोसायटी मॅनेजर" एवढंच लिहून भागणार नाही. किती फ्लॅट, वर्षाचं बजेट किती, थकबाकी कितीवरून कितीवर आणली, किती ठेकेदारांचे करार सांभाळले, हे आकड्यांत लिहा.

आणि आंबा-काजू-कोकम. वडिलोपार्जित बाग आहे म्हणून प्रक्रिया उद्योग काढायचा विचार असेल, तर पहिल्यांदा तलाठ्याकडून सातबारा आणि आठ-अ घ्या. सातबाऱ्यावर पंधरा नावं, त्यांतली तीन वारलेली, दोन परदेशात, असं असेल तर बँक कर्जासाठी सगळ्यांची संमती मागेल. वारस नोंदी लावण्यातच एखादं वर्ष जाऊ शकतं. पीएमईजीपीसारख्या (केंद्राच्या स्वयंरोजगार कर्ज-अनुदानाच्या) योजनेतलं अनुदानही लगेच हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. भांडवल त्यावर अवलंबून ठेवू नका.

चौथी पायरी: थोडं करून बघा

नोकरीत असतानाच. साठलेली रजा घेऊन त्या कामावर प्रत्यक्ष जा. एखाद्या ओळखीच्या सोसायटीची तीन महिन्यांची खाती लिहून द्या. ग्रामीण भागातल्या लोकांसाठी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची स्वरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिथलं प्रशिक्षण मोफत असतं. फळप्रक्रियेसाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहेच.

पाचवी पायरी: कधी आणि कसं सोडायचं

माझं मत, ऑक्टोबर. हिशेबतपासणी 31 जुलैपर्यंत आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत उरकायची असते. सभेत हिशेब मंजूर झाल्यावर निघालात तर मागून कुणी बोट दाखवू शकत नाही. गळतीचे दिवस संपलेले असतात, गणपती झालेले असतात, आणि हवा उघडली की नवीन कामालाही जोर येतो. ऑगस्टमध्ये भर पावसात सोडलंत तर ठिबकणाऱ्या प्रत्येक थेंबाला तुमचं नाव लागेल.

राजीनामा सेक्रेटरीच्या नावे लेखी द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा "नमस्कार सर, मी थांबतोय" हा राजीनामा नव्हे. चार्ज देताना यादी करून दोघांच्या सह्या घ्या: चाव्या, लिफ्टचे कागद, अग्निशमन यंत्रणेच्या तपासणीचे कागद, एएमसी संपायच्या तारखा, किरकोळ रोख, बंद फ्लॅटच्या मालकांनी विश्वासाने ठेवलेल्या चाव्या. या शेवटच्या चाव्या ज्याच्या त्याच्या नावाने, पाकिटात.

अजून एक भानगड असते. वर्षानुवर्षं सोय म्हणून तुमचाच मोबाइल नंबर सगळीकडे दिलेला असतो: महावितरणच्या बिलाला, पाणीपट्टीला, सीसीटीव्हीच्या अ‍ॅपला, कधी तर बँकेलाही. तो प्रत्येक ठिकाणी बदलून घेतल्याशिवाय शेवटचा दिवस मानू नका, नाहीतर सहा महिन्यांनीही ओटीपी मागायला फोन येतील. हिशेब पूर्ण मिटल्याचं पत्र आणि अनुभवाचा दाखला त्याच आठवड्यात घ्या. कमिटी बदलली की सही करणारा सापडत नाही.

सोडल्यानंतर

दोन-तीन आठवडे काहीच करू नका. "नोकरी सोडलंस? खुळावलंस काय रे?" असं विचारणारे काका-मामा भेटतीलच, त्यांना पुढचा बेत सविस्तर सांगत बसू नका.

जुने सभासद फोन करणार. "भाऊ, तुम्हालाच माहीत आहे ती मेन लाइन कुठून गेलीय." पहिला महिना सांगा, माणुसकी म्हणून. त्यानंतर नव्या मॅनेजरचा नंबर पाठवा. तरी तुम्हीच हवे असाल, तर भेटीचा दर ठरवा, कमिटीकडून ईमेलवर होकार घ्या आणि वेळ सांगा: शनिवारी दहा ते बारा.