साठ सालचा बंगला बाहेरून नवा करताना
पुण्यात प्रभात रोड, सहकारनगरच्या गल्ल्यांमधे अजून १९५०-६० च्या काळातले बंगले दिसतात, सपाट स्लॅब, लांब छज्जे, सिमेंटची जाळी आणि पुढे काळ्या दगडाची भिंत. असं घर असेल तर प्लीज त्या दगडावर रंग मारू नका, टाइल्स तर नकोच! बेसाल्ट आहे तो, पाणी आणि नायलॉनच्या ब्रशने घासला की मस्त निघतो, ॲसिड नको कारण सांध्यातलं सिमेंट खराब होतं.

खरा खर्च छज्ज्यावर करा. खालून सळई दिसत असेल तर नुसती पुट्टी लावून चालत नाही, गंज पूर्ण घासून अँटीरस्ट कोट द्यायचा आणि मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरायचा, आणि हो, छज्ज्याच्या कडेला खालून पाणी ठिबकायला बारीक खाच असते ना, ती प्लास्टर करताना बुजून जाते, तेव्हा स्वतः उभं राहून बघा नाहीतर पाणी मागे वळून भिंतीत मुरतं. प्लास्टरला किमान ७ दिवस पाणी मारा, रंगाआधी महिनाभर वाळू द्या, म्हणजे काम मार्चमधेच काढायला लागतं कारण जूनमधे पाऊस येतो. आणि जाळी काढून काच बसवू नका, घरात हवा तिथूनच येते.