न्यू ग्रास रिव्हायव्हल ऐकून मॅन्डोलिन हाती घेणाऱ्यांसाठी

ब्लूग्रास, म्हणजे बँजो, मॅन्डोलिन, फिडल अशा तंतुवाद्यांवर वाजणारं अमेरिकी लोकपरंपरेतलं संगीत, शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्या महिन्यातच सुसाट सोलो वाजवायचा असतो. मी शिक्षणासाठी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आलो आणि इथल्या जॅममध्ये, म्हणजे एकत्र जमून वाजवण्याच्या बैठकींत, बसू लागलो, तेव्हा मलाही तेच हवं होतं, कारण डोक्यात न्यू ग्रास रिव्हायव्हल या ब्लूग्रास बँडच्या सॅम बुशची मॅन्डोलिन घुमत होती. पण हा बँड कसा घडला हे समजून घेतलं, तसा माझ्या रियाजाचा क्रमच बदलला.

१९७१ साली लुइव्हिलच्या ‘ब्लूग्रास अलायन्स’ या बँडमधल्या चौघांनी हा बँड काढला. लांब केस, रॉकची गाणी, मैफल रंगली की लांबत जाणारं उत्स्फूर्त वादन आणि पुढे जॉन कावनचा इलेक्ट्रिक बास. जुन्या रसिकांपैकी अनेकांना हे अजिबात रुचलं नाही. तरी या वादकांना कच्चं मात्र कुणी म्हणू शकत नव्हतं. सॅम बुश लहान वयातच राष्ट्रीय पातळीवर फिडलच्या (व्हायोलिनच्या) स्पर्धेत कनिष्ठ गटात तीनदा विजेता ठरला होता. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोची परंपरा हातात मुरल्यावरच त्याने ती वाकवली.

म्हणून नव्यांना माझं आग्रहाचं सांगणं: आधी ‘चॉप’, म्हणजे मॅन्डोलिनवर ठेका धरणारा तुटक कॉर्डचा ठोका, पक्का करा. पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतात, ठेका वाद्यांनीच धरायचा असतो. चारांच्या मोजणीत बास १ आणि ३ वर येतो, मॅन्डोलिन २ आणि ४ वर. कॉर्ड छेडायची आणि डाव्या हाताची बोटं लगेच सैल सोडायची. तारा गुंजत राहिल्या तर तो चॉप नव्हे. मेट्रोनोमचा (लय मोजणाऱ्या यंत्राचा) ठोका २ आणि ४ वर आहे असं धरून रोज वाजवा. सुरुवातीला फार कंटाळा येतो, तरी सोडू नका. सॅम बुशच्या वादनातही मला सोलोइतकाच त्याचा चॉप मोलाचा वाटतो.

जॅममध्ये बसताना जी, ए आणि डी या पट्ट्यांतल्या १-४-५ कॉर्ड (पट्टीतल्या पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या स्वरावरच्या) तोंडपाठ हव्यात, कारण तिथे आकड्यांत बोलतात. कुणी गात असेल तर आवाज खाली घ्या. गाणं सुरू करणारा मान डोलवून तुमच्याकडे पाहील तेव्हाच ‘ब्रेक’, म्हणजे तुमच्या वाट्याचा सोलो, घ्या. तयारी नसेल तर मानेनेच नकार द्या, कुणी वाईट वाटून घेत नाही. गाणं सुरू करणाऱ्याने पाय उचलला की गाणं संपतंय असं समजा.

बँड काढायचा असेल तर माणसं बदलतील हे धरूनच चला. १९८१ मध्ये न्यू ग्रास रिव्हायव्हलमधून कोर्टनी जॉन्सन आणि कर्टिस बर्च गेले, बँजोवादक बेला फ्लेक आणि गिटारवादक पॅट फ्लिन आले. बँड मोडला तर नाहीच, उलट बँजोला नवी दिशा मिळाली. १९८९ च्या शेवटी ते थांबले. २०२० मध्ये त्यांना ब्लूग्रास हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

ऐकण्याचा क्रमही सांगतो. आधी १९४६-४७ चा बिल मन्रो, ज्यात अर्ल स्क्रग्जचा बँजो आणि लेस्टर फ्लॅटची गिटार आहे. मग न्यू ग्रासचं १९७२ चं पहिलं ध्वनिमुद्रण. ऐंशीच्या दशकातलं फ्लेकसोबतचं काम त्यानंतर घ्या. प्रत्येक वेळी पहिल्या ऐकण्यात फक्त मॅन्डोलिनच्या २ आणि ४ कडे कान द्या.