वसई ते जुने गोवे: पोर्तुगीज शहरांची मोटारसहल कशी आखावी

कोकण किनाऱ्यावरची पोर्तुगीजांची जुनी शहरे एकाच सहलीत पाहायची असतील, तर वसई, रेवदंडा, जुने गोवे आणि पणजी याच क्रमाने जावे, असे मी आग्रहाने सांगेन. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकाच्या दर्शनी भागातला काळा बसाल्ट वसईहून नेलेला आहे, आणि तो दगड आधी वसईत पाहिला की पुढचा सारा प्रवास एकसंध वाटतो. मी पहिल्यांदा उलटा गेलो होतो, तेव्हा हा धागा हाती लागलाच नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाच दिवस तरी हाताशी असावेत. वसई किल्ल्यात सकाळी लवकर शिरावे. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा तिरप्या उन्हातच नीट वाचता येतात; डोक्यावर ऊन आले की झिजलेली पोर्तुगीज अक्षरे दगडात विरून जातात. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेले हे शहर चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये जिंकले. इथल्या चर्चमधील एक घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, तिच्यासाठी मात्र वेगळी वाट करावी लागेल.

दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसह मांडव्याला उतरल्यास पनवेल आणि वडखळची कोंडी टळते. आरक्षण आधीच करावे आणि हवामान बिघडल्यास बोट सुटणार आहे का, याची खात्री करून घ्यावी. रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचे चौल; हे गाव जुन्या तटबंदीच्या आतच वसलेले आहे. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजमधून जन्मलेली बोली आजही बोलतात. कोर्लईचा किल्ला चढून झाल्यावर गावातही थोडा वेळ काढावा, कारण वसई आणि चौल पोर्तुगीजांच्या हातून गेल्यानंतरही इथे शिल्लक राहिले ते दगडाहून मोलाचे आहे.

तिसरा दिवस रस्त्याचा. रोहा आणि कोलाडमार्गे मुंबई-गोवा महामार्ग गाठावा, पण गोवा एका दमात गाठण्याचा हट्ट धरू नये. चिपळूण किंवा रत्नागिरीला मुक्काम करावा आणि रात्री गाडी चालवणे टाळावे. निघण्यापूर्वी टायर, स्टेपनी आणि फास्टॅगमधील शिल्लक तपासलेली असावी.

चौथ्या दिवशी बांदा आणि पत्रादेवीवरून गोव्यात शिरून पणजीत उतरावे. जुने गोवे पाचव्या दिवशी सकाळी पाहावे. रविवार असल्यास प्रार्थनेच्या वेळा सांभाळाव्यात आणि खांदे, गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. बॅसिलिकाच्या भिंतींचा गिलावा काढलेला असल्याने तांबडा जांभा उघडा दिसतो, आणि त्यात वसईचा काळा दगड लगेच ओळखू येतो. साथींनी ओस पडलेल्या या शहराऐवजी १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. तिथल्या फोंतेन्यश या जुन्या वस्तीत गाडी बाहेर लावून पायीच फिरावे. गल्ल्या अरुंद आहेत आणि घरांत माणसे राहतात, म्हणून दारांची छायाचित्रे विचारूनच घ्यावीत.