जपानीत ‘किती’ विचारताना या चुका टाळा

टोकियोतल्या एका हॉटेलच्या दारात वेट्रेसने विचारलं, ‘नान्-मेइ-सामा देसु का?’ म्हणजे ‘आपण किती जण?’ मी दोन बोटं वर करून रुबाबात म्हणालो, ‘फुतात्सु!’ तिने हसू आवरत टेबल दाखवलं. ‘फुतात्सु’ म्हणजे दोन नग. मी स्वतःला आणि बायकोला लाडवांसारखं मोजलं होतं.

खरं तर मराठी माणसाने इथे चुकू नये. आपणही ‘आम्ही दोन’ म्हणत नाही, ‘दोघे’ म्हणतो. जपानीत एकटा ‘हितोरी’, दोघे ‘फुतारी’ आणि तिथून पुढे ‘निन’ लावायचं: सान्-निन, यो-निन. चौघांना ‘योन्-निन’ म्हणणं ही हमखास होणारी चूक.

घोळाचं मूळ आपल्या ‘किती’त आहे. वय किती, पैसे किती, माणसं किती, सगळीकडे तोच. जपानीत पैशांना ‘इकुरा’, सुट्या वस्तूंना ‘इकुत्सु’, माणसांना ‘नान्-निन’. मोजता न येणाऱ्या गोष्टींना, म्हणजे पाणी, वेळ वगैरेंना, ‘दोनो कुराइ’. कागद, तिकिटं अशा चपट्या वस्तू ‘नान्-माइ’, तर छत्र्या, बाटल्या ‘नान्-बोन्’. हे सगळं पहिल्याच महिन्यात घोकत बसू नका. शब्द अडला की ‘इकुत्सु’ चालवून घेतात. फक्त माणसांना आणि प्राण्यांना ते लावू नका. आणि उत्तरातल्या ‘फुतात्सु’सारख्या आकड्यांची ‘त्सु’ची गाडी नवापर्यंतच जाते. दहाला नुसतं ‘तोओ’.

वाक्यातली जागाही बघा. ‘तीन सफरचंदं द्या’ याच्या धर्तीवर आकडा आधी टाकू नका. ‘रिंगो ओ मित्त्सु कुदासाइ’, म्हणजे आधी वस्तू, मग आकडा.

वयाचं प्रकरण नाजूक. ‘इकुत्सु’ इथेही चालतं. लहान मुलाला ‘इकुत्सु?’ विचारा, ते तीन बोटं नाचवत ‘मित्त्सु!’ म्हणेल. मोठ्यांना मात्र ‘नान्-साइ देसु का?’ असं थेट विचारलं तर उर्मट वाटतं. ‘ओइकुत्सु देसु का?’ म्हणा, तेही गरज असेल तरच. आपल्या काकूंसारखं पहिल्याच भेटीत वय, पगार, लग्न विचारायची पद्धत तिथे नाही.

उत्तर देताना तो आदराचा ‘ओ’ स्वतःला लावून घेऊ नका. चार वर्षांचा ‘योन्-साइ’, ‘शि-साइ’ नाही. आठ वर्षांचा ‘हास्साइ’. वीस वर्षांचा असेल तर ‘हाताची’; नियमाने ‘निजुस्साइ’ होतं, पण कानावर सहसा ‘हाताची’च पडतं. 2022 पासून कायद्याने सज्ञान व्हायचं वय 18 झालं, तरी दारूसाठी अजून 20 लागतात. त्यामुळे बारमध्ये हा शब्द आलाच पाहिजे.