जखमी कोंबडीवर घरी उपचार करताना या चुका टाळा

गेल्या श्रावणात भर दुपारी मुंगसानं आमच्या तांबडीला धरलं. ओरडा ऐकून मी धावले, तोवर ते कुंपणातून पसार झालं होतं. तांबडीच्या पाठीची कातडी तळहाताएवढी फाटलेली. "आधी हळद चेप गं," शेजारच्या काकी म्हणाल्या. मी मूठभर हळद चेपली, वर चिंधी बांधली. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगाला वास यायला लागला आणि चौथ्या दिवशी ती गेली. पुरताना पंख उचलला, तेव्हा काखेत सुळ्यांची दोन भोकं दिसली. त्या भोकांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

म्हणून पहिलं सांगणं हेच, की समोर दिसणाऱ्या जखमेवर थांबू नका. पिसांखाली काहीही दडतं. ओल्या बोळ्यानं पिसं बाजूला सारत पाठ, दोन्ही काखा, शेपटीखाली, मांड्या, सगळं उजेडात बघा. जखमेभोवतालची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका. नवीन फुटणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते उपटलं की नवी जखम होते.

पण हे सगळं लगेच करायचं नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड पाच ते दहा मिनिटं दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. रक्त थांबलं की तिला खोक्यात, अंधारात, उबेला ठेवा. कोंबडीच्या अंगाची उष्णता 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. धक्क्यानं ती गार पडायला लागली, तर जखम कितीही छान धुतली तरी उपयोग होत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि तासभर तिला हात लावू नका. घशात पाणी ओतणं ही याच वेळची चूक. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुफ्फुसाकडे जातं. चोचीच्या कडेला थेंब लावा, तिचं ती गिळेल.

जखमेवर काय घालता?

हळद, चुना, तंबाखू, चुलीतली राख, गाडीचं जळकं तेल. गावात यातलं काहीही सुचवलं जातं. चुन्यानं मांस भाजतं आणि तंबाखूतलं निकोटीन विष आहे. हळदीवर माझाही जीव आहे, पण खोल जखमेत तिचा गिलावा होतो आणि घाण आतच कोंडते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून बरं वाटतं, पण रोज वापरलं तर नवी येणारी कातडीही मरते.

लागतं ते साधं मिठाचं पाणी. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा मीठ. सुई काढलेल्या सिरिंजनं हळूहळू धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, तेही पाण्यात घालून फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं. मात्र जखम काखेजवळ खोल असेल, श्वासाबरोबर तिथून बुडबुडे येत असतील किंवा कातडीवर दाबल्यावर खालून चुरचुर आवाज येत असेल, तर आत पाणी मारू नका. पक्ष्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, पंखाचं वरचं हाडही त्यांना जोडलेलं असतं. तिथून पाणी आत गेलं तर कोंबडी गुदमरते.

दाताची भोकं वरून शिवू नका, पट्टीनं घट्ट बंदही करू नका. घाण आत राहते. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही, पनीरासारखा पिवळा घट्ट गोळा होतो. त्यामुळे "पू नाही, बरी होतेय" असं वाटून आपण फसतो. याउलट दोन-तीन दिवसांनी कातडी हिरवी दिसली की लोक घाबरतात, सडलं म्हणून कोंबडी कापून टाकतात. मुका मार लागलेली कोंबडीची कातडी हिरवीच होते, आपली निळी पडते तशी. वास नसेल आणि ती दाणे टिपत असेल, तर वाट बघा.

पावसाळ्यात माशांचं भय सगळ्यात मोठं. तांदळाच्या कणीसारखी अंडी दिसली की दिवसभरात अळ्या होतात. गुरांच्या जखमेत घालतात तसं टर्पेंटाईन कोंबडीला घालू नका, तिची कातडी फार पातळ असते. चिमट्यानं एकेक अळी काढा, धुवा, कोंबडी जाळीआड ठेवा, दिवसातून दोनदा तपासा.

दुखतंय म्हणून घरातली गोळी द्यायची नाही. ज्या डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामकानं गिधाडं मेली आणि ज्याच्यावर 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तेच कोंबडीचीही मूत्रपिंडं निकामी करू शकतं. कुत्र्या-मांजराच्या चाव्याला प्रतिजैविक लागतंच, पण ते पशुवैद्यांनी वजन बघून द्यावं. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही त्यांनाच विचारा. बाटलीवर मुदत नसेल तर नियमानं अंड्यांसाठी किमान 7 आणि मांसासाठी 28 दिवस धरायचे.

आतडं बाहेर आलं, हाड दिसलं, गळ्याखालच्या पिशवीतून दाणे सांडायला लागले, तर घरी काहीच करत बसू नका. ओल्या स्वच्छ फडक्यानं झाका आणि दवाखाना गाठा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962 आहे. कोंबडीसाठी कशाला, म्हणून लाजू नका.

आणि बरी झाली की लगेच खुराड्यात सोडू नका. लाल दिसलं की बाकीच्या टोचतात, एका दुपारीत महिन्याची मेहनत जाते. मधे जाळी लावून तिला बाकीच्यांना दिसेल अशी ठेवा. कातडी पूर्ण सुकून वर पिसांचे कोंब दिसले, की संध्याकाळच्या दाण्याला जाळी काढा आणि पहिला तासभर तिथंच बसून राहा.