फायबरच्या जुन्या होडीची मागची फळी बदलताना
फायबरग्लासची होडी स्वतः कुजत नाही. कुजतो तो तिच्या थरांमध्ये झाकलेला प्लायवुड, आणि तोही बहुधा मोटर बसवलेल्या मागच्या फळीतला, कारण बोल्टांच्या भोकांतून पाणी वर्षानुवर्षे आत झिरपत राहते. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे; खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आतला थर कापून उघडावा. कुजलेले लाकूड खरवडून काढल्यावर पुन्हा प्लायवुड न घालता, काचतंतू मिसळलेला जास्त घनतेचा पॉलियुरेथेन बोर्ड बसवावा. साधा हलका फोम स्वस्त पडतो खरा, पण बोल्ट आवळताच तो दबतो. चिकटवायला इपॉक्सीच (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारे रेझिन) घ्यावे, कारण होडी ज्या पॉलिएस्टर रेझिनची बनलेली असते, त्या जुन्या पॉलिएस्टरवर त्याची पकड अधिक चांगली असते. मात्र त्यासोबत नेहमीची चॉप्ड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चादर) न वापरता विणलेले काचकापड घ्यावे, कारण मॅटमधले तंतू धरून ठेवणारा बांधक सहसा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो, इपॉक्सीत नाही. बोल्टाचे भोक आधी मोठे पाडून, पूड घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावे आणि ते सुकल्यावरच त्यात नेमक्या मापाचे भोक पाडावे. कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर धरतो आणि तो पाण्याने धुण्याआधीच पॉलिश पेपर मारला, तर पुढचा थर सुटण्याची भीती असते.