मागच्या स्पॉयलरची उंची कशी ठरवावी

१९६९च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातील झेल्टवेगच्या सर्किटवर पोर्शे ९१७ ही शर्यतीची गाडी चाचणीसाठी आणली गेली, तेव्हा ती मागून इतकी अस्थिर होती की मुरलेले चालकही तिला बिचकत असत. अभियंता जॉन हॉर्समन यांच्या लक्षात आले की गाडीच्या नाकावर मेलेल्या चिलटांचा थर बसला आहे, मात्र मागचे स्पॉयलर, म्हणजे हवा अडवण्यासाठी शेपटीवर बसवलेल्या पट्ट्या, जवळजवळ स्वच्छ आहेत. म्हणजेच हवा त्यांना शिवतच नव्हती. तेथल्या तेथे ॲल्युमिनियमचे पत्रे कापून शेपटी उंच करण्यात आली आणि गाडी ताब्यात आली. पुढच्याच वर्षी आखूड व उंच शेपटीच्या ९१७ने फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

म्हणून पत्रा कापण्याआधी हवा नेमकी कोठून जाते ते पाहावे. छताच्या मागच्या अर्ध्या भागापासून डिक्कीच्या काठापर्यंत सहा-सात सेंटिमीटर लांबीचे लोकरीचे धागे ओळीने चिकटवावेत आणि बंद ट्रॅकवर शेजारून चालणाऱ्या दुसऱ्या गाडीतून त्यांचे चित्रण करावे. मागे सरळ लोळणारा धागा हवा पृष्ठभागाला धरून असल्याचे सांगतो. गरगरणारा किंवा उलटा पुढे वळणारा धागा ती सुटल्याचे सांगतो. हॅचबॅकमध्ये हवा बहुधा छताच्या काठालाच सुटते, त्यामुळे काचेखाली लावलेली स्पॉयलरची पट्टी केवळ शोभेची ठरते.

छतावरून उतरत्या काचेवर वळणारी हवा वेग घेते, तेथील दाब घटतो आणि गाडीचा मागचा भाग उचलला जातो. स्पॉयलर या हवेला अडवतो. त्याच्या पुढे, डिक्कीवर, दाब वाढतो आणि उचल कमी होते. विंग ही वेगळी वस्तू आहे, कारण तिच्या दोन्ही अंगांनी हवा वाहते. स्पॉयलर म्हणजे वायुरोध वाढणारच, हा समज अर्धाच खरा आहे. हवा सुटण्याची जागा नीट ठरली तर गाडीमागचा भोवरा लहान होऊन रोध घटूही शकतो. १९७३च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७च्या बदकशेपटीने, म्हणजे वर वळलेल्या मागच्या स्पॉयलरने, मागची उचल कमी केली आणि कमाल वेगही किंचित वाढवला. मात्र एका उंचीनंतर प्रत्येक वाढीव सेंटिमीटरचा लाभ घटत जातो आणि रोध वाढत राहतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते.

पट्टीला उभ्या खाचा ठेवून ती वर-खाली सरकवता येईल अशी बसवावी. आरंभ स्पॉयलरशिवाय करावा, मग दोन-दोन सेंटिमीटरने चढावे. प्रत्येक उंचीवर टायरचा दाब व इंधन सारखे ठेवून निदान तीन फेऱ्या घ्याव्यात आणि सरळ रस्त्याच्या टोकाचा वेग, सर्वांत वेगवान वळणातील किमान वेग व फेरीची वेळ लिहून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा. सर्वांत मंद वळणाची नोंदही आवर्जून घ्यावी, कारण ताशी साठ किलोमीटरच्या वेगात स्पॉयलरचा प्रभाव नगण्य असतो. तेथेही मागचा भाग निसटत असेल तर दोष स्प्रिंग, अँटिरोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारा दांडा) किंवा टायरमध्ये शोधावा. स्पॉयलर वाढवून तो झाकणे ही मला सर्वांत महागडी चूक वाटते.

आता तोल. स्पॉयलर मागच्या चाकांच्याही मागे असल्याने तरफेसारखा वागतो. चाकांमधील अंतर २५० सेंटिमीटर असेल आणि मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर मागे १०० किलोचा भार पडला, तर मागच्या चाकांवर १२४ किलो येतात आणि पुढची चाके २४ किलोंनी हलकी होतात. वेगवान वळणात गाडीचे नाक बाहेर ढकलले जाऊ लागले तर ते याचमुळे. त्या वेळी पुढे स्प्लिटर, म्हणजे बंपरखालची आडवी फळी, लावावा किंवा मागची उंची एक पायरी उतरवावी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर कमीच पुरे. तेथे मागच्या दाबाचा खरा उपयोग वळणात ॲक्सिलरेटरवरून अचानक पाय उचलल्यावर शेपटी फिरू नये यासाठी असतो.

जी उंची सर्वांत वेगवान वळणात मागचा भाग जागेवर धरते, तीतली सर्वांत कमी निवडावी. एक किलोमीटरहून अधिक लांब सरळ रस्ता असलेल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जुळलेली उंची कोइंबतूरच्या छोट्या कारी स्पीडवेवर तशीच ठेवू नये. तेथे गमावण्यासारखा सरळ रस्ताच थोडा असल्याने एखादी पायरी अधिक परवडते.

जोडणीकडे दुर्लक्ष नको. १९६९च्या स्पॅनिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत, बार्सिलोनातील मोंजुइक येथे, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांचे उंच विंग मोडले व दोघांनाही अपघात झाला. त्यानंतर लगेच मोनाकोच्या शर्यतीत असे उंच विंग बंद करण्यात आले. स्पॉयलर डिक्कीच्या पातळ पत्र्यावर नुसता स्क्रूने बसवू नये. आतून जाड पट्टी देऊन नट-बोल्ट वापरावेत, प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढावी आणि गाडी पिटमध्ये आली की रेघ सरकली आहे का, भोकांच्या कडेला केसासारखी चीर दिसते का, हे बोट फिरवून तपासावे.